अवजाराची किंमत आणि मिस्त्रीचा पत्ता

गोंदियातील भातगिरणीचा मालक नवे यंत्र घेताना किमतीच्या आधी एक प्रश्न विचारतो : बिघडले तर दुरुस्त कोण करणार? ऐन हंगामात रबरी रोल झिजला आणि मिस्त्री मिळाला नाही, तर स्वस्तात घेतलेले यंत्रही महाग पडते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या धानाच्या जिल्ह्याला हा व्यवहार कोणी शिकवावा लागत नाही. मात्र येथील महाविद्यालयांतून बाहेर पडणारी संगणक शाखेची मुले ज्या अवजारांवर हात बसवतात, त्यांच्याबाबत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

ही अवजारे म्हणजे कंपायलर, प्रोग्राम लिहिण्याचे एडिटर आणि चुका शोधणारे डिबगर. एकेकाळी त्यांचे परवाने सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होते. त्यातून नकललेल्या सीडींची सवय देशभर मुरली. विदेशी कंपन्यांच्या नावाने बोटे मोडायची आणि त्यांचाच माल चोरून वापरायचा, याला स्वदेशी म्हणत नाहीत, हे आपल्यातही स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे. १९८७ साली आलेला बोरलँडचा टर्बो सी तर कालबाह्य झाल्यावरही वर्षानुवर्षे आपल्या प्रयोगशाळांत ठाण मांडून होता.

पुढे कंपन्यांनीच दर उतरवले. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओची एक्सप्रेस आवृत्ती कायमची मोफत केली, २००८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ड्रीमस्पार्क योजना आणली आणि २०१४ मध्ये कम्युनिटी आवृत्ती दिली. हा दानधर्म नव्हे. विद्यार्थ्याचा हात ज्या अवजारावर बसतो, तेच अवजार उद्या त्याचा मालक विकत घेतो, हे विक्रेता पुरते जाणतो. व्यापारात यात गैर काही नाही; फक्त घेणाऱ्याने त्याला भेट समजू नये.

खरी किंमत कळते ती आधार काढून घेतल्यावर. व्हिज्युअल बेसिक ६ हे १९९८ चे अवजार. लहान-मोठ्या दुकानांचे हिशेब लिहिणारे असंख्य प्रोग्राम त्यावर उभे राहिले. नंतर कंपनीने व्हीबी डॉट नेट आणले. नाव तेच, पण जुना प्रोग्राम त्यात सरळ चालेना. २००५ मध्ये खुद्द कंपनीने गौरवलेल्या अनेक जाणकारांनी जुनी भाषा टिकवण्यासाठी विनंतीपत्र काढले. उपयोग झाला नाही. एप्रिल २००८ मध्ये त्या अवजाराचा आधार संपला. पैसे भरून घेतलेला परवाना हातात होता, मिस्त्री मात्र निघून गेला होता.

याउलट २०१५ मध्ये जेटब्रेन्स या कंपनीने परवाने बंद करून केवळ वर्गणी घेण्याचे जाहीर केले, तेव्हा ग्राहक असे खवळले की काही आठवड्यांतच तिला नमते घ्यावे लागले. वर्षभर वर्गणी भरणाऱ्याकडे एक आवृत्ती कायम राहील, असे ठरले. ग्राहक जागा असला तर विक्रेता ऐकतो. पण राजसत्ता मध्ये आली की विक्रेत्याचेही चालत नाही. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांपायी गिटहबने इराणमधील प्रोग्रामरांच्या खात्यांवर बंधने घातली. जुलै २०२५ मध्ये, युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर, मायक्रोसॉफ्टने गुजरातमध्ये तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या; कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर त्या पूर्ववत झाल्या. गोंदियाच्या विद्यार्थ्याने दिल्लीच्या न्यायालयात जावे काय?

म्हणून ज्यांचा मूळ प्रोग्राम सर्वांना खुला आहे, अशी अवजारे महत्त्वाची. १९८७ साली प्रथम प्रसृत झालेला जीसीसी कंपायलर आजही सांभाळला जातो, कारण तो एका मालकाच्या मर्जीवर नाही. तरीही 'फुकट आहे' एवढ्यावर जे थांबतात, ते अर्धीच गोष्ट सांगतात. मुक्त अवजार अडले की दाद मागायला दुकान नसते, आणि मदत असते ती बहुतांशी इंग्रजीत. मराठी किंवा हिंदी माध्यमातून आलेला मुलगा तेथेच हात टेकतो.

या अडचणीवर मुंबईच्या आयआयटीत उत्तर शोधले गेले. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, सी, जावा, पायथॉन यांचे दहाएक मिनिटांचे छोटे पाठ तयार झाले आणि ते मराठी-हिंदीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिबद्ध झाले. पडद्यावर पाहायचे आणि शेजारीच स्वतः करून बघायचे, अशी त्यांची रीत. केंद्र शासनाच्या निधीतून, म्हणजे आपल्याच करातून, हे काम झाले.

महाविद्यालयांनी परवान्यांवर वाचलेला पैसा शिल्लक म्हणून मिरवू नये. तो प्रयोगशाळेत बसणाऱ्या, अडलेल्या मुलाला त्याच्या भाषेत समजावणाऱ्या पगारी माणसावर खर्च करावा. देवरी किंवा सालेकसा तालुक्यात इंटरनेट अडखळत असेल, तर हे पाठ एकदा उतरवून घेऊन पेन ड्राइव्हवरून वाटता येतात. गोंदियाच्या बाजारात मराठी-हिंदी मिसळूनच बोलली जाते. पाठ दोन्ही भाषांत आहेत, ज्याला जी सोयीची ती त्याने घ्यावी.