रहाड आणि आमचे सुशिक्षित

फाल्गुन वद्य पंचमी जवळ आली म्हणजे नाशिकच्या सुशिक्षित घरांतून एक ठराविक संभाषण ऐकूं येऊं लागतें. "यंदां रंगपंचमीला कोठें?" असा प्रश्न निघतो, आणि उत्तरादाखल गांवाबाहेरच्या एखाद्या बागेचें किंवा हॉटेलाचें नांव येतें. तेथें माणशीं पैसे भरले कीं मनगटाला पट्टी बांधून मिळते, कृत्रिम पावसाखालीं नाचतां येतें, जेवणाची सोय असते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तेथें सगळीं "आपलींच माणसें" असतात. हे शेवटचे दोन शब्द आम्हांस फार दिवसांपासून खटकत आले आहेत. त्यांचाच आज थोडा समाचार घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बाहेरगांवच्या वाचकांसाठीं प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. अन्यत्र पुष्कळ ठिकाणीं धुलिवंदनाच्या दिवशींच रंग खेळून लोक मोकळे होतात. नाशकांत त्या दिवशीं वीरांची मिरवणूक निघते आणि रंगाचा मान पंचमीसाठीं राखून ठेविला जातो. त्या पंचमीचें वैभव म्हणजे रहाड. रहाड म्हणजे भर चौकांत, रस्त्याच्या पोटांत बांधलेला दगडी हौद. साधारणतः २० ते २५ फूट लांबरुंद आणि ८ ते १० फूट खोल. ह्या रहाडी पेशवाईंतल्या अशी नाशिकची परंपरा सांगते. वर्षभर लांकडी तुळयांनीं आणि मातीनें ती झांकलेली असते. तिच्यावरून गाड्या जातात आणि परक्या माणसाला पायाखालीं काय आहे ह्याचा सुगावाही लागत नाहीं. सणापूर्वीं माती उकरावयाची, तुळया काढावयाच्या, हौद धुवावयाचा, फुलांचा रंग मोठमोठ्या भांड्यांतून उकळावयाचा, आणि पंचमीला पूजा करून मानकऱ्यांनीं पहिली उडी घेतली कीं रहाड गांवाला मोकळी. शनि चौकांतली गुलाबी, तिवंधा चौकांतली पिवळी, दिल्ली दरवाज्याची केशरी, असे ज्याचे त्याचे रंगही ठरलेले.

ह्या एका दिवसाची धांदल पाहण्यासारखी असते. सकाळीं एक मित्र दुसऱ्याच्या दारांत उभा. दोघे मिळून तिसऱ्याला अंथरुणांतून ओढून काढणार. चौथ्याच्या घरीं चहा, पांचव्याच्या आईच्या हातची पुरणपोळी. दुपारपर्यंत चारांची टोळी चाळिसांची झालेली असते आणि त्यांतल्या निम्म्यांचीं नांवें उरलेल्या निम्म्यांस ठाऊक नसतात. मग एका चौकांतून दुसऱ्या चौकांत, एका रहाडींतून दुसऱ्या रहाडींत. काठावरून अंग झोंकून देऊन 'धप्पा' मारला कीं वर उडालेलें पाणी भोंवतालच्या शेंकडों माणसांस भिजवितें. गुलाबींतून निघून पिवळ्यांत आणि पिवळ्यांतून केशरींत गेलेल्या माणसाचा मूळ रंग कोणता, तो वकील कीं हमाल, वाड्याचा मालक कीं भाडेकरू, हें संध्याकाळपर्यंत त्याच्या सख्ख्या भावालाही ओळखतां येत नाहीं.

आमचा मुद्दा येथेंच आहे. स्नेह्यासोबत्यांच्या मेळाव्याचे दोन प्रकार आहेत. ज्यांना आपण बोलावितों ते जमतात, हा एक. ज्यांना कोणीच बोलाविलें नव्हतें तेही भेटतात, हा दुसरा. पहिल्याला आमचा विरोध नाहीं. लग्नें, मुंजी, वाढदिवस, वास्तुशांती ह्यांच्या रूपानें तो वर्षाचे बारा महिने चालूंच आहे. पण दुसऱ्या प्रकारचे दिवस कोणत्याही गांवाच्या वांट्याला फार थोडे येतात. गांव म्हणून जें कांहीं असतें तें त्या थोड्या दिवसांवर उभें असतें. पट्टी बांधून आंत घेणाऱ्या बागेंत पहिलाच प्रकार दुसऱ्याचें सोंग घेऊन येतो: रंग आहे, पाणी आहे, गर्दीही आहे, परंतु प्रत्येक माणूस दारावर एकदां गाळून घेतलेला आहे.

ह्यावर आक्षेप येतील ते आम्ही जाणतों. रहाडीचें पाणी घाण असतें, हा पहिला. एकाच हौदांत शेंकडों माणसें उतरतात हें खरें. ज्याला जखम वा त्वचेचा विकार आहे त्यानें काठावरच राहावें आणि पाण्याकडे व्यवस्थापकांनीं लक्ष पुरवावें, हें निर्विवाद आहे. परंतु २०१५ च्या सिंहस्थांत रामकुंडांत लाखोंच्या गर्दींत बुडी मारून आलेल्या सद्गृहस्थांनीं हा आक्षेप घ्यावा ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

दुसरा आक्षेप पाण्याच्या नासाडीचा. २० फूट लांबरुंद हौदांत ५ फूट पाणी सोडलें तर तें सुमारें ५६ हजार लिटर होतें. म्हणजे १० हजार लिटरांचे सहा टँकरही नव्हेत. तें भरावयाचें एकदां, आणि खेळावयाचें साऱ्या पेठेनें. कृत्रिम पावसाचें पाणी तासन् तास कोसळत असतें. त्याचा हिशेब कोणी विचारीत नाहीं, कारण तें पैसे देऊन घेतलेलें असतें! २०१६ साली लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें. तसें वर्ष पुन्हां उगवलें तर रहाडीची माती उकरूंच नये, पूजा करून गप्प बसावें, असें आम्ही स्वतः म्हणूं. पण मग तो नियम बागवाल्यांसही लागू झाला पाहिजे.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो झटकून टाकणें अप्रामाणिकपणाचें होईल. रहाडीच्या आनंदांत स्त्रियांचा वांटा बव्हंशीं गच्चीवरून पाहण्याचाच राहिला. धटिंगणपणा होतो, कर्णे कानठळ्या बसवितात, आणि घरांतल्या मुलींस घेऊन चौकांत उभें राहण्याची सोय नसते. बागेचा दर भरणारे पुष्कळ आईबाप ह्याच कारणासाठीं तो भरतात. परंतु ह्यावर उपाय कोणता? सभ्य माणसांनीं चौक सोडला म्हणजे चौक असभ्यांच्या हातीं जातो, आणि मग त्याच असभ्यपणाकडे बोट दाखवून न येण्याचें समर्थन करणें सोपें होतें. ज्या चौकांत पन्नास कुटुंबें, मायलेकींसह, उभीं आहेत त्या चौकांत दंगा करण्याची छाती फार थोड्यांची होते.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. जुनें तें सारें सोनें असें सांगणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. पेशवाईच्या समाजांत कोणत्या पाण्याला कोणी शिवावें ह्याचे निर्बंध किती क्रूर होते हें ज्यास ठाऊक आहे, तो त्या काळच्या कोणत्याही हौदाला सर्वांचा हौद म्हणणार नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं महाडास चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. २ मार्च १९३० रोजीं ह्याच नाशकांत, ज्या पेठांतून आपण रंग खेळतों त्यांच्या शेजारीं, काळारामाच्या दारापाशीं त्यांच्या नेतृत्वाखालीं आणि दादासाहेब गायकवाडांच्या धडाडीनें सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षें चालला आणि तरीही तें दार त्या वेळीं उघडलें नाहीं. पुढें १९५० साली राज्यघटना अमलांत आली, आणि सार्वजनिक विहिरी, तळीं, स्नानाचे घाट, रस्ते ह्यांच्या वापरास जातीच्या कारणानें कोणासही आडकाठी करतां येणार नाहीं असें तिच्या १५ व्या कलमानें सांगितलें.

एवढ्या झगड्यानंतर रस्ता सर्वांचा झाला, पाणी सर्वांचें झालें. कोणीही यावें आणि कोणाच्याही शेजारीं उडी घ्यावी, असा रहाडीला अर्थ आला तो आतां आला. आणि नेमक्या ह्याच वेळीं आमच्या सुशिक्षितांस "आपलींच माणसें" हवींशीं वाटूं लागलीं! जातीची पाटी खालीं उतरली, तिच्या जागीं दराची पाटी लागली. कोणाच्या मनांत तसा हेतु असेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण हेतु निर्मळ असला तरी परिणाम तोच व्हावा, ही शरमेची गोष्ट नव्हे काय?

रहाडींचे कारभारी निर्दोष आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. पूजेचा मान ज्यांचा त्यांचा त्यांस लखलाभ असो; परंतु पाण्यावर मान कोणाचाच नाहीं. पुढाऱ्यांच्या छबींचे फलक, जाहिरातदारांच्या कमानी आणि कर्ण्यांच्या भिंती ह्यांनीं चौक इतका भरून टाकावयाचा कीं माणसांस उभें राहावयास जागा उरूं नये, हा रहाडीचाच अपमान आहे. पंचमीच्या खर्चाला वर्गणी अपुरी पडत असेल, तर ती अपुरी कां पडते ह्याचें उत्तर मात्र पुन्हां आमच्याच दारांत येऊन उभें राहतें: पट्टीला माणशीं मोजावयास आमच्याजवळ पैसे असतात, चौकाच्या वर्गणीस नसतात.

म्हणून आमचें सांगणें थोडें आणि उघड आहे. कारभाऱ्यांनीं कर्णे व फलक हटवावे आणि स्त्रियांचा अधिकार गच्चीवरून खालीं, हौदापर्यंत आणावा. सुशिक्षितांनीं दुपारच्या उडीपूर्वीं, माती उकरण्याच्या दिवशींच चौकांत हजर व्हावें. कारण ज्याच्याबरोबर तुळई उचलली त्याच्याशीं पंचमीला नव्यानें ओळख करून घ्यावी लागत नाहीं. एवढें केल्यावरही ज्यांस बागच गोड वाटेल त्यांनीं खुशाल बागेंत जावें. मात्र परत आल्यावर, गांवांत आतां पूर्वींचा जिव्हाळा उरला नाहीं, असें आम्हांस ऐकवूं नये.