फाइल गिळायची नसते, चावून खायची असते!

आपल्याकडे 'सी' शिकवताना फाइल हँडलिंग हा शेवटचा धडा. तोवर सेमिस्टर संपत आलेलं असतं, मास्तर घाईत असतात आणि पोरं 'हे परीक्षेला येणार का?' एवढंच विचारतात. मग जो तो एक मंत्र पाठ करतो: एफओपन करा, एफसीकने शेवटाला जा, एफटेलला साइज विचारा, तेवढी मेमरी मॅलॉककडून घ्या आणि एफरीडने सगळी फाइल आत ओता. दोन केबीच्या फाइलवर हे झकास चालतं. माझं भांडण नेमकं ह्या झकास चालण्याशी आहे.

एफटेल उत्तर देतं ते 'लाँग'मध्ये. 32 बिटांच्या लाँगमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा 2,147,483,647. म्हणजे दोन जीबीला एक बाइट कमी. "अहो, आता सगळं 64 बिट आहे की!" असं कुणीतरी म्हणणारच. आहे ना. पण 64 बिटांच्या विंडोजवरही लाँग 32 बिटांचाच आहे. लिनक्सवर तो 64 चा, पण तिथे आपले लोक एफटेलचं उत्तर बिनधास्त 'इंट'मध्ये ठेवतात. पाच जीबीची फाइल असेल तर वरचे बिट गळून पडतात आणि उरतो बरोब्बर एक जीबी! प्रोग्रॅम तेवढाच वाचतो, बेरीज छापतो आणि सुखरूप संपतो. चार जीबी डेटा गेला कुठे? कुण्णाला पत्ता नाही. क्रॅश झालेला प्रोग्रॅम परवडला, निदान तो बोंब तरी मारतो. हा गपचूप खोटं बोलतो, आणि त्या खोट्या बेरजेवर पुढे कुणाचा तरी पगार नाहीतर बिल ठरतं.

उपाय आहेत. युनिक्सवर एफसीको आणि एफटेलो आहेत, विंडोजवर त्यांचे 64 बिटांचे भाऊबंद आहेत. पण मुळात साइज हवीय कशाला? 64 केबीचा एक बफर घ्या, एफरीड शून्य देईपर्यंत वाचत राहा, मग फाइल संपली की काही बिघडलं हे एफएररला विचारा. मोजणी 64 बिटांत ठेवा. झालं! फाइल पाच जीबीची असो वा पाचशे, मेमरी तेवढीच लागते. पाइपमधून येणारा डेटाही असाच वाचता येतो. त्याला तर साइज नसतेच.

"रॅम स्वस्त झालीय हो" हा युक्तिवाद मला आळशीपणाचा वाटतो. रॅम वाढली तशा फाइलीही वाढल्या. छोटी कॉन्फिग फाइल खुशाल एका घासात गिळा, माझं काही म्हणणं नाही. पण लॉग, जनगणनेचे तक्ते, जीनोम... हे घास नव्हेत, पंगती आहेत.

म्हणून मास्तरांना माझं एकच मागणं आहे. प्रॅक्टिकलला दोन केबीची फाइल देऊ नका. पाच जीबीची द्या आणि 'ओळी मोजा' म्हणा. ज्याचं उत्तर चुकेल त्याला फाइल हँडलिंग त्या दिवशी कळेल. नाहीतर नोकरीत कळेल, आणि तिथे डेटा दुसऱ्याचा असतो.