नोकरी सुटली, की विमाही सुटतो!



सातवीला शेकडेवारी शिकवताना मी एक उदाहरण दरवर्षी देत असे. आरोग्य विम्याचा वर्षाचा हप्ता २०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, तर एकूण किती भरायचे? मुलं पटकन सांगायची, "२३,६००!" २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा हा कर शून्य झाला. म्हणून आता प्रश्न बदलला: किती वाचले? उत्तर ३,६००.

यंदा एका मुलानं उत्तर सांगितलं आणि मलाच विचारलं, "बाई, माझ्या पप्पांचा हप्ता कंपनीच भरते. मग कंपनी सोडली तर कोण भरणार?"

हा प्रश्न पुस्तकात नाही, पण आपल्या नेकनूरच्या कितीतरी घरांत आहे. इथली पोरं पुण्याला, चाकणला, वाळूजला कंपनीत आहेत. कोणी कंटाळून परत येतं, कोणाला कंपनीच काढून टाकते. घरी आल्यावर आपण विचारतो, पगार मिळाला का, पीएफचं काय झालं? विम्याचं काय झालं, हे कोणीच विचारत नाही.

आम्हीही विचारलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ पाच वर्षं एका कंपनीत होता. कंपनीच्या गट विम्यात आमच्या आईचंही नाव होतं. त्यानं नोकरी सोडली आणि गावात दुकान टाकलं. अनुभवाचा दाखला आणला, हिशेबाचे कागद आणले. विमा शेवटच्या दिवशीच बंद झाला, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. तीन महिन्यांनी आईच्या पायाची जखम चिघळली. आईला शुगर आहे. बीडला दवाखान्यात खिडकीवर कार्ड दिलं, तर आतून उत्तर आलं, "पॉलिसी बंद आहे." त्या दवाखान्यात सरकारी योजनाही नव्हती. बिल रोख भरलं. माझ्या बांगड्या गहाण पडल्या. सुटल्या, पण दोन वर्षांनी.

त्यानंतर नवी पॉलिसी घ्यायला गेलो, तेव्हा खरी किंमत कळली. नव्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे हप्ता आजपासून भरायचा आणि शुगरमुळे काही झालं तर तोवर खर्च आपलाच. जुन्या विम्याची पाच वर्षं आम्ही तीन महिन्यांत पुसून टाकली होती. हप्त्याचे पैसे पुन्हा कमावता येतात हो, गेलेली वर्षं कुठून आणायची?

आणि ती वर्षं वाचवता आली असती! विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या नियमानुसार गट विम्यातून बाहेर पडणारा माणूस त्याच विमा कंपनीची वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसी मागू शकतो. आधी काढलेली वर्षं जुन्या विम्याच्या रकमेपुरती धरली जातात. कंपनी वय आणि तब्येत पाहून हप्ता ठरवते, तो जास्त येऊ शकतो. पण खंड पडायच्या आत, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या आधीच अर्ज द्यायला हवा.

दुसरं उदाहरण ईएसआयचं. २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात. १५,००० पगारावर महिन्याला किती? ११२ रुपये ५० पैसे. आता पुढचा भाग ऐका. किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. त्याचे वर्षाला फक्त १२० रुपये! आपल्या ओळखीच्या किती निवृत्त कामगारांना हे माहीत आहे? मी विचारून पाहिलं, बहुतेकांनी मान हलवली.

अमेरिकेत वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीतून माणूस बाहेर पडला, की जुना विमा साधारण १८ महिने चालू ठेवायचा हक्क कायद्यानं मिळतो. मात्र कंपनीचा वाटाही स्वतःच भरायचा, एकूण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत. पगार थांबलेल्या माणसाला तेही जडच. पण तिथं या हक्काची लेखी सूचना द्यावी लागते. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

काही पालक म्हणतील, "बाई, हाताला काम नाही, हप्ता कुठून भरायचा?" बरोबर आहे. त्यांच्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. ती आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण ती ठरावीक उपचारांना आणि ठरावीक दवाखान्यांतच चालते. म्हणून जवळचा कोणता दवाखाना योजनेत आहे, हे आजारी पडायच्या आधीच विचारून ठेवा. आणि ज्यांना झेपेल त्यांनी नोकरीत असतानाच स्वतःची छोटी पॉलिसी घ्यावी. कंपनीचा विमा हा कंपनीच्या क्वार्टरसारखा असतो; राहायला मिळतो, नावावर होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. कामावरून मोकळं करताना प्रत्येक कंपनीनं एक कागद हातात द्यावा: विमा कोणत्या तारखेपर्यंत आहे, विमा कंपनी कोणती, पुढे चालू ठेवायला अर्ज कुठे करायचा. असा एक कागद माझ्या भावाच्या हातात असता, तर बांगड्या घरातच राहिल्या असत्या. तसा नियम होईपर्यंत आपणच विचारायला शिकूया.

त्या मुलाला मी उत्तर दिलं, "बाळा, कंपनी सोडली की हप्ता आपणच भरायचा. पण सोडायच्या आधी विचारायचं." दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बाई, पप्पांना फोनवर विचारलं. त्यांना माहीतच नव्हतं. उद्या विचारतो म्हणाले."

तुमच्याही घरातलं कोणी कंपनीत असेल, तर आज रात्रीच्या फोनवर हा एक प्रश्न नक्की विचारा.