आरक्षित जागा देवरीपर्यंत पोहोचावी

गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. देवरी, सालेकसा या आदिवासीबहुल तालुक्यांतील रुग्ण आज उपचारांसाठी तिथे येतात. तिथलीच गोंड आणि हलबा मुले डॉक्टर होण्यासाठी किती येतात, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १६ टक्के आहे. राज्याच्या कोट्यात या जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. त्या कोणाच्या पदरात पडतात, हे महत्त्वाचे.

महाराष्ट्रातला एक जुना खटला या संदर्भात आठवावा असा आहे. १९८५-८६ मध्ये कोष्टी समाजातील एका विद्यार्थ्याला ‘हलबा’ जमातीच्या प्रमाणपत्रावर एमबीबीएसला प्रवेश मिळाला. तपासणी समितीने दावा फेटाळला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २००० मध्ये घटनापीठाने दावा अमान्य केला. पण तोवर विद्यार्थी डॉक्टर झाला होता, म्हणून पदवी कायम ठेवली. यादीतील जमातीची हुकलेली जागा मात्र परत आली नाही. पुढे २०१७ मध्ये, दावा अवैध ठरल्यास मिळालेला लाभही जाईल, अशी कडक भूमिका न्यायालयाने घेतली.

पडताळणी हवीच. पण तिचा जाच खऱ्या आदिवासी कुटुंबालाही होतो. पडताळणीत १९५० पूर्वीच्या नोंदींना वजन असते. ज्या घरात आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, तिथे त्यांचा शाळेचा दाखला कुठून येणार? त्यात ‘नीट’ची तयारी, शिकवणीचा खर्च आणि आश्रमशाळेत विज्ञान शिक्षकांची वानवा.

हा केवळ हक्काचा नव्हे, आरोग्याचाही प्रश्न आहे. पूर्व विदर्भातील आदिवासींमध्ये सिकलसेल आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधी तपासणी का करावी, हे गोंडी बोलणारा गावचाच डॉक्टर अधिक नीट पटवून देऊ शकतो.

म्हणून वैधता प्रमाणपत्राचे काम नववीपासूनच शाळेने हाती घ्यावे, महसूल खात्याने जुन्या नोंदी स्वतः शोधून द्याव्यात आणि राखीव जागांवरील प्रवेश तालुका व जमातीनिहाय दरवर्षी जाहीर करावेत. आकडे समोर आले, तरच जागा कुठे अडते ते कळेल.