लांडगा, स्की आणि चुकीच्या जागी लागलेली भीती

नॉर्वे आणि स्वीडनच्या उत्तरेकडील बर्फाळ डोंगराळ भागात सामी समाज पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर पाळत आला आहे. मांस, कातडे, ओझ्याचे जनावर आणि घरची शिल्लक, असे सगळे काही म्हणजे रेनडिअर. या कळपावर लांडगा पडला, की पूर्वी घरातला धडधाकट माणूस पायांना स्की, म्हणजे लांब लाकडी पट्ट्या, बांधून त्याच्या मागावर निघे. योहान तुरी हा सामी लेखक स्वतः लांडग्यांचा शिकारी होता. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने या पाठलागाबद्दल लिहिले आहे. बंदूक नसली तरी अडत नसे. भुसभुशीत बर्फात लांडगा दमला, की स्कीच्या काठीनेच त्याला मारले जाई.

टणक जमिनीवर माणूस लांडग्याला गाठणे अशक्य आहे. बर्फात ते शक्य होते, याचे कारण साधे गणित आहे. ऐंशी किलोचा माणूस बूट घालून उभा राहिला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे दीडशे ग्रॅम भार पडतो. लांडग्याच्या पंजाखाली हा भार शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. दोन मीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद स्कीवर तोच माणूस उभा राहिला, तर भार पंचवीस ग्रॅमवर येतो. ताज्या, खोल बर्फात लांडगा छातीपर्यंत रुततो आणि माणूस वरून घसरत जातो. बर्फावर कडक साय धरली, की डाव उलटतो आणि लांडगा निसटतो.

आता स्नोमोबाइल आल्या, बंदुकांचा पल्ला वाढला. स्वीडनने १९६६ मध्ये लांडग्याला संरक्षण दिले आणि २०१० च्या हिवाळ्यात परवाना पद्धतीने शिकार पुन्हा सुरू केली. अमेरिकेतील आयडाहो आणि मोंटाना या डोंगराळ राज्यांतही ही शिकार कायदेशीर आहे. रस्ता संपतो तिथून पुढे जायचे, तर तळाला केसाळ पट्टी लावलेली स्की आजही उपयोगी पडते. ही पट्टी चढावर मागे घसरू देत नाही.

या शिकारीच्या बाजूने मुख्यतः दोन कारणे सांगितली जातात. पहिले पाळीव जनावरांच्या नुकसानीचे. ते खरे आहे, आणि ज्याची जनावरे गेली त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. दुसरे कारण माणसांच्या सुरक्षिततेचे. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनीही लांडग्यांच्या कळपांपासून जनावरांना धोका आहेच, माणसांनाही तो असू शकतो, अशा आशयाचे विधान केले होते. हे दुसरे कारण आरोग्याचे आहे. म्हणून ते आरोग्याच्या निकषांवर तपासायला हवे.

आधी शिकाऱ्याच्याच जिवाचा विचार करू. उणे वीस अंशांत त्याचा पहिला वैरी त्याचा स्वतःचा घाम असतो. जोराने स्की चालवताना शरीर विश्रांतीच्या दहापटीहून अधिक ऊर्जा खर्च करते. त्यातली साधारण पाव ऊर्जा हालचालीला लागते, उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. आतले कपडे भिजतात. मग लांडगा दिसतो, शिकारी थांबतो, नेम धरून वाट पाहतो. ओले कपडे अंगातली उष्णता झपाट्याने ओढून घेतात. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की बोटे जड होतात, पाय अडखळतात, बोलणे बोबडे होते. ३२ च्या खाली कुडकुडणे कमी होत जाते आणि विचारशक्ती मंदावते. काही जण तर या अवस्थेत अंगावरचे कपडे काढून टाकतात. २८ च्या खाली हृदयाचा ठोका प्राणघातक रीतीने बिघडण्याची भीती असते. मुरलेला शिकारी म्हणूनच चढावर कपडे कमी करतो आणि थांबण्याआधी कोरडे कपडे चढवतो.

दुसरा धोका श्वासाचा. दमलेला माणूस थंड, कोरडी हवा तोंडाने ओढतो, त्यामुळे श्वासनलिका कोरड्या पडून आकसतात. लांब पल्ल्याच्या स्की खेळाडूंमध्ये दम्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असल्याचे स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९३ मध्येच दाखवले होते.

तिसरा धोका सर्वांत मोठा, तो म्हणजे हिमस्खलन. बर्फाचे थर बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि माग काढत जाणाऱ्याला असे उतार ओलांडावे लागतात. बर्फाखाली पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला, तर दहांतले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचणारे तिघांत एक इतकेच उरतात. एवढ्या वेळात बाहेरून मदत पोहोचत नाही. सोबत्याकडे असलेले शोधयंत्र, बर्फात खुपसायची सळई आणि फावडे यांवरच जीव अवलंबून असतो. ज्याची नजर पावलांच्या ठशांवर खिळलेली असते, त्याचे डोक्यावरच्या उताराकडे लक्ष राहत नाही. हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही चूक ओळखली आहे. ठरवलेले लक्ष्य समोर दिसू लागले, की अनुभवी माणूसही धोक्याच्या खुणा नजरेआड करतो.

आता लांडग्याकडे वळू. नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेने २००२ ते २०२० या काळातील जगभरच्या हल्ल्यांची छाननी केली. एकूण ४८९ माणसांवर हल्ले झाल्याचे आढळले आणि त्यांत २६ जण दगावले. त्यांपैकी ३८० जणांना चावणारे लांडगे पिसाळलेले होते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत मिळून पंचाहत्तर हजारांच्या आसपास लांडगे आहेत. तिथे या काळात १४ माणसांवर हल्ले झाले आणि दोघांचा मृत्यू झाला. शिकाऱ्याला घरी परत येऊ न देण्याची ताकद त्या डोंगरात आहे, पण ती प्रामुख्याने बर्फाची आहे.

म्हणजे माणसाच्या आरोग्याच्या दृष्टीने लांडग्यातला खरा धोका रेबीजचा आहे. आणि रेबीज बंदुकीने आटोक्यात येत नाही, हे युरोपने कोल्ह्यांच्या बाबतीत अनुभवले आहे. तिथे अनेक वर्षे कोल्हे मारले गेले, त्यांच्या बिळांत विषारी वायू सोडला गेला. मोकळ्या झालेल्या जागी नवे कोल्हे येत राहिले आणि साथ पुढे सरकत राहिली. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती कोल्ह्यांसाठी रानात टाकण्यात आली. पुढे हीच पद्धत देशभर वापरली गेली आणि १९९९ मध्ये स्वित्झर्लंड रेबीजमुक्त जाहीर झाला. जे काम बंदुकीला जमले नाही, ते लशीने केले.

चावा बसल्यानंतर काय करावे, याचा मोठा धडाही एका लांडग्याच्या हल्ल्यातूनच मिळाला. १९५४ मध्ये इराणमधील एका गावात पिसाळलेला लांडगा २९ जणांना चावला. डोक्याला जखमा झालेल्या अठरा जणांपैकी पाच जणांना फक्त लस मिळाली, त्यांतले तिघे दगावले. लशीबरोबर सीरमही मिळालेल्या तेरा जणांपैकी एकच दगावला. आज गंभीर चाव्यानंतर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन का देतात, याचे उत्तर या नोंदीत आहे.

ही नोंद महाराष्ट्रालाही लागू आहे. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याच्या माळरानांवर धनगरांचे कळप आणि लांडगे शेजारी राहतात. लांडगा मेंढी नेतो, हे धनगराला नवे नाही. मात्र एखादा लांडगा दिवसाढवळ्या वस्तीत शिरून वाटेत येईल त्याला चावत सुटला, तर तो पिसाळलेला आहे असेच समजावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठून लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही घ्यावे. चावा चेहऱ्याला किंवा डोक्याला असेल, तर एक तासही दवडू नये.

लांडग्यांची संख्या किती ठेवायची, हे तिथल्या पशुपालकांनी आणि सरकारांनी ठरवावे. त्यासाठी जनावरांच्या नुकसानीचा हिशोब उघडपणे मांडावा. परंतु ‘माणसांचे जीव वाचवण्यासाठी’ हे कारण पुढे केले जात असेल, तर आकडे त्याला साथ देत नाहीत. जीव वाचवायचेच असतील, तर कुत्र्यांचे लसीकरण, लहान रुग्णालयांत इम्युनोग्लोब्युलिनचा साठा आणि पहाडात जाणाऱ्याच्या पाठपिशवीत फावडे, या तीन गोष्टींवर आधी खर्च व्हायला हवा.