विश्लेषण : चाप न ओढता गोळी सुटते का? अमेरिकेतल्या पिस्तुलाचा वाद आणि आपल्या कामाची गोष्ट

अमेरिकेत सध्या एका पिस्तुलावरून मोठं रान उठलं आहे. सिग सॉअर कंपनीचं पी-३२० हे ते पिस्तूल. पोलीस, सैनिक आणि साधे नागरिक, तिघांच्याही कमरेला ते दिसतं. शंभराहून जास्त लोकांचं म्हणणं असं, की चापाला बोट न लावता पिस्तुलातून गोळी सुटली आणि आपण जखमी झालो. कंपनी म्हणते, चाप ओढल्याशिवाय हे पिस्तूल उडूच शकत नाही. मग खरं कोण? आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे हे ठरवणार कोण?

नेमकं प्रकरण काय?

पी-३२० बाजारात आलं २०१४ साली. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने त्याचीच सुधारित आवृत्ती निवडली. कंत्राट ५८ कोटी डॉलरपर्यंतचं. लष्कराने घेतलं म्हटल्यावर नागरिकांचाही विश्वास बसला आणि खप वाढला.

पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिली भानगड उघड झाली. पिस्तूल एका ठरावीक कोनात, मागच्या बाजूवर पडलं तर गोळी सुटू शकते, असं चाचण्यांत दिसलं. कारण सोपं आहे. एसटीने करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते, पण उभा माणूस पुढे फेकला जातो. तसंच पिस्तूल जमिनीवर आदळून थांबतं, पण चापाचं स्वतःचं वजन त्याला मागे ढकलत राहतं. बोट न लावताही चाप ओढल्यासारखं होतं.

डॅलस शहराच्या पोलिसांनी तेव्हा हे पिस्तूल वापरणं थांबवलं. कंपनीने हलका चाप आणि आतले काही भाग बदलून द्यायची योजना जाहीर केली. मात्र ती 'ऐच्छिक' होती. म्हणजे ज्याला वाटेल त्याने पिस्तूल पाठवावं. ज्याच्या कानावर ही बातमीच गेली नाही, त्याचं पिस्तूल जसं होतं तसंच राहिलं.

यंत्र कसं चालतं?

आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीला घोडा बाहेर असतो. तो चढवलेला आहे की उतरवलेला, हे लांबूनही कळतं. पी-३२० ला असा घोडा नाही. आत स्प्रिंगच्या ताणावर एक जाड सुईसारखा भाग असतो, त्याला स्ट्रायकर म्हणतात. चाप ओढला की तो सुटतो आणि गोळीच्या बुडावर आदळतो.

अशी पिस्तुलं इतर कंपन्यांचीही आहेत. फरक असा, की ग्लॉकसारख्या पिस्तुलात स्ट्रायकर अर्धवट ताणलेला असतो आणि चाप ओढताना पूर्ण ताणला जातो. शिवाय चापावर एक छोटी जीभ असते, ती दाबल्याशिवाय चाप हलत नाही. पी-३२० मध्ये स्ट्रायकर आधीच जवळपास पूर्ण ताणलेला असतो, आणि नागरिकांनी घेतलेल्या बहुतेक पिस्तुलांना ना ती जीभ, ना बाहेरचा सेफ्टी खटका. लष्कराच्या आवृत्तीला मात्र खटका आहे.

आत अडकवून धरणारे भाग आहेत, स्ट्रायकरला अडवणारा वेगळा अडसरही आहे, असं कंपनी सांगते. तक्रारदार म्हणतात, धक्का बसला किंवा भाग झिजले की ही साखळी निसटू शकते. २०१७ नंतरच्या बऱ्याच तक्रारी पिस्तूल पडण्याच्या नाहीत, तर होल्स्टरमध्ये असताना गोळी सुटल्याच्या आहेत.

कोर्टात काय झालं?

दोन्ही बाजूंनी निकाल लागले आहेत. जून २०२४ मध्ये जॉर्जिया राज्यात ज्युरीने एका जखमी मालकाला साडेतेवीस लाख डॉलर द्यायला सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये फिलाडेल्फियात एका माजी सैनिकाच्या बाजूने १ कोटी १० लाख डॉलरचा निकाल आला. दुसरीकडे, कंपनीविरुद्धचे काही दावे न्यायाधीशांनी फेटाळलेही आहेत.

घाईने मत बनवलं तर काय होतं, हे जुलै २०२५ मध्ये दिसलं. वायोमिंगमधल्या हवाई दलाच्या तळावर एका तरुण जवानाचा गोळी लागून मृत्यू झाला. पिस्तूल आपोआप उडालं अशी चर्चा सुरू झाली आणि हवाई दलाच्या एका विभागाने वापर थांबवला. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका जवानाला अटक झाली. त्यानंतर ७,९७० पिस्तुलं तपासून वापर पुन्हा सुरू केला गेला. पण त्या तपासणीत १९१ पिस्तुलांमध्ये झिजलेले किंवा सदोष भाग सापडले, हेही विसरून चालणार नाही. त्याच जुलैत अमेरिकेच्या इमिग्रेशन पोलिसांनी मात्र आपल्या लोकांना पी-३२० वापरायला बंदी केली.

खरी गोम कायद्यात

अमेरिकेत सदोष पंखा, खेळणं किंवा पाळणा बाजारातून परत घ्यायला लावणारा सरकारी आयोग आहे. पण १९७२ च्या ज्या कायद्याने तो आयोग बनला, त्याच कायद्यात बंदुका वगळल्या आहेत. म्हणजे खेळण्यातली बंदूक सदोष असली तर सरकार ती परत घ्यायला लावू शकतं, खरी असली तर नाही! त्यामुळे मालकाला एकट्याने कोर्टात जाऊन यंत्रातला दोष सिद्ध करावा लागतो. कंपनीची फॅक्टरी असलेल्या न्यू हॅम्पशायर राज्याने तर मे २०२५ मध्ये कायदा करून, बाहेरचा सेफ्टी खटका नाही या कारणावरून दावा लावण्याची वाटच बंद केली.

आपला काय संबंध?

भारतीय लष्कराने याच कंपनीच्या सिग-७१६ रायफली घेतल्या आहेत. २०१९ च्या करारात ७२,४०० आणि २०२४ मध्ये आणखी सुमारे ७३,००० रायफली. ते हत्यार वेगळं, त्याची रचना वेगळी, त्यामुळे पिस्तुलाचा वाद त्याला चिकटवू नये. व्हॉट्सअपवर तसं काही आलं तर पुढे पाठवू नका.

पण धडा आपल्याही कामाचा आहे. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालामुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे, आणि केंद्रीय प्राधिकरण धोकादायक माल परत घ्यायला लावू शकतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, ठरावीक टक्के मालकांनी एकाच दोषाची तक्रार केली तर सरकार कंपनीला ती वाहनं परत बोलवायला लावू शकतं. म्हणजे तक्रारी मोजल्या जातात. पारावर बसून दिलेल्या शिव्या मोजल्या जात नाहीत.

मळणीयंत्र असो, फवारणी पंप असो की ट्रॅक्टर, बिल जपा, दोषाचा फोटो काढा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि पीक संरक्षणासाठी परवान्याची बंदूक घरात असेल तर ती रिकामी करून, कुलपात ठेवा. पिस्तूल सदोष की माणूस बेफिकीर, हा वाद अमेरिकेत अजून बरीच वर्षं चालेल. नळीत गोळीच नसेल, तर तो वाद आपल्या घरात येणार नाही.