किशोरांच्या हाती पवित्र शास्त्र : भंडारा जिल्ह्यातील आपल्यासमोरचा प्रश्न

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तथाकथित ‘लव्ह जिहाद’ व सक्तीचे धर्मांतर यांविरुद्ध कायदेशीर उपाय सुचविण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर या विषयावर पुष्कळ बोलले व लिहिले गेले. परंतु अशा चर्चेचे पडसाद शाळेच्या बाकावरही उमटतात, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी होती. त्यातील बहुसंख्य मुंबई, वसई, पुणे या भागांत राहतात. भंडारा जिल्ह्यात आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली. त्यामुळे येथील चौदा वर्षांचे ख्रिस्ती मूल पुष्कळदा वर्गात एकटेच असते. “तुमचा धर्म परदेशी ना?”, “तुम्ही धर्म का बदलला?” असे प्रश्न त्याला विचारले जातात. ज्याच्यापाशी उत्तर नसते ते मूल एक तर गप्प बसते, नाही तर भांडते. दोन्हींच्या मुळाशी स्वतःच्या श्रद्धेची अपुरी ओळख असते.

संविधानाच्या २५ व्या कलमाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले आहे. हे मुलांना ठाऊक असलेच पाहिजे. तथापि कायदा श्रद्धेचे रक्षण करू शकतो. ती प्रिय करण्याचे काम कुटुंबाचे व धर्मग्रामाचे आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये रोम येथे युवकांविषयी भरलेल्या सिनडने एम्माऊसच्या वाटेवरील शिष्यांचा प्रसंग आदर्श म्हणून समोर ठेवला. प्रभू येशू प्रथम त्या दोघांबरोबर चालतो, त्यांना प्रश्न विचारतो, त्यांचे दुःख ऐकून घेतो आणि मगच शास्त्र उलगडून सांगतो. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत हा क्रम अनेकदा उलटा होतो. उत्तरे आधी पाठ होतात, प्रश्न मनातच राहतात. दृढीकरण संस्कार झाला की पुस्तक मिटते. पुढे दहावी-बारावीनंतर मूल शिक्षणासाठी नागपूर वा पुण्याला जाते. म्हणजे आपल्या हाती जेमतेम तीन-चार वर्षे उरतात.

भाषेचाही विचार व्हायला हवा. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना जुन्या धाटणीचे मराठी बायबल जड जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने ही अडचण बरीच दूर केली आहे. आपला धर्म परका आहे असे ऐकणाऱ्या मुलाला हेही सांगावे, की फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत १६१६ साली छापले गेले. ख्रिस्ताची कथा मराठीत चारशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहे.

शिवाय पवित्र शास्त्रातील जग भंडाऱ्याच्या मुलांना अनोळखी नाही. आवत्या पद्धतीने धान पेरताना काही बी धुऱ्यावर पडते आणि पाखरे ते टिपतात, हे त्यांनी पाहिलेले असते. पेरणाऱ्याचा दाखला त्यांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मामा तलावांवर जाळी टाकणारे ढिवर बांधव पाहणाऱ्याला पेत्र जवळचा वाटेल. कापणीनंतर सरवा वेचणाऱ्या बायांमध्ये रूथ दिसेल. रोजीच्या शोधात सकाळी चौकात उभ्या राहणाऱ्या मजुरांमध्ये द्राक्षमळ्यातील कामकरी दिसतील. गोसीखुर्द धरणामुळे गाव सोडावे लागलेल्या कुटुंबांकडे पाहिले, की बाबिलोनच्या निर्वासितांचे अश्रू कळतील.

याकरिता मोठ्या खर्चाची योजना नको. शनिवारी संध्याकाळी घरात दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान वाचावे आणि वाचन किशोरवयीन मुलानेच करावे. प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा. उत्तर ठाऊक नसेल तर आईवडिलांनी तसे सरळ सांगावे आणि तो प्रश्न धर्मगुरू वा भगिनींकडे न्यावा. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्नही विचारत होता, हे आपण विसरू नये. मिस्सामध्ये वाचनाची जबाबदारीही आळीपाळीने मुलांकडे द्यावी.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. स्वधर्माचा अभिमान म्हणजे शेजाऱ्याच्या धर्माचा अनादर नव्हे. ज्याला आपली श्रद्धा नीट उमगली आहे, तो मित्राच्या घरी पोळ्याला निर्धास्त जाईल आणि नाताळाला त्यालाही घरी बोलावील. संशयाच्या वातावरणाला याहून चांगले उत्तर आम्हांला दिसत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सामान्य काळातील तिसरा रविवार देवाच्या वचनासाठी राखून ठेवला. दर जानेवारीत आपण त्या दिवशी पवित्र शास्त्राची सन्मानाने मिरवणूक काढतो. येत्या वर्षी त्याच दिवशी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या किशोरांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या हाती स्वतःचे मराठी बायबल आहे की नाही, हे पाहावे. भंडाऱ्यात ती यादी लहानच असेल. म्हणूनच तिच्यातील एकही नाव सुटता कामा नये.